सातवी करवंटी

एइदुराची जीभ बुआडात, बेटावरच्या आमच्या तळ्याकाठच्या वस्तीत, नावाजलेली होती, पण बोलण्यासाठी नव्हे. बोलायची ती अगदी मोजकं. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं की त्यात खारं किती आणि गोडं किती, हे ती सांगायची, आणि तिनं सांगितल्यावर दुसरं कुणी तोंड उघडत नसे. ही विद्या तिला बापानं, देनागोनं दिली. देनागो म्हणजे इबियावाला माणूस. तळ्याकाठच्या घरांत इबिया पाळणारे बरेच होते, पण पिल्लं मरायला लागली की सगळे याच्याच दारात.

इबिया आमचा मासा. चांदीसारखा, लांबट, काट्यांचा, पण चवीला असा की काट्यांबद्दल कुणी कुरकुरत नाही. तो तळ्यात वीत नाही, ही त्याची खोड. त्याची पिल्लं समुद्रात होतात आणि ओहोटीला खडकांच्या डबक्यांत अडकतात. बायकांनी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ती झोळीत धरायची, करवंटीतून घरी आणायची आणि उंडीच्या लाकडाच्या कुंडीत सोडायची. मग पाच दिवस कुंडीशी बसायचं. पहिल्या दिवशी सगळं समुद्राचं पाणी. दुसऱ्या दिवशी तळ्यातलं मचूळ पाणी एक करवंटी, तिसऱ्या दिवशी तीन, असं वाढवत न्यायचं. घाई केली की पिल्लं उलटी होऊन तरंगलीच म्हणून समजा. पाचव्या दिवशी ती तळ्यात, आपापल्या बांधाच्या आत. लग्न असो, मूल होवो, माणूस जावो, पानात इबिया लागायचीच. विकायची मात्र नाही. इबिया विकली असं आमच्यात कुणी कुणाबद्दल म्हटलं असतं तर डोकी फुटली असती.

युद्धात जपान्यांनी आमच्या माणसांना बोटीत कोंबून दूरच्या त्रुक बेटावर नेलं तेव्हा एइदुरा सात वर्षांची होती. आई तिथंच भुकेनं गेली. बापलेक तीन वर्षांनी परत आले तर घराच्या जागी नुसते खांब उभे. देनागोनं घराला हात लावला नाही. तो सरळ तळ्यात उतरला आणि बांधाचे ढासळलेले दगड रचायला लागला.

शेजारची हेर्मिना तेव्हा पोरगीच, पण जीभ तेव्हापासूनच धारदार. ती काठावरून ओरडली, "देनागोकाका, आज झोपायचं कुठं? माशांच्या शेजारी का?"

"मासे आले की झोपायला जागा आपोआप होते, पोरी," देनागो म्हणाला.

तसा तो माणूस. एइदुरा त्याच्या मागे दगड उचलत होती. तिच्या आयुष्यात बापाशिवाय दुसरं कुणी मोठं झालंच नाही. लग्न झालं, नवरा फॉस्फेटच्या खाणीवर कामाला होता, चांगला होता, लवकर गेला. मूल झालं नाही. ती बापाच्या घरी परत आली आणि कुंडीशी बसली. हे दोघं, ती कुंडी आणि तळ्यातला वाटा, एवढाच तिचा संसार.

ती पंचविशीत असताना साहेब आला. तेव्हाच्या परक्या सरकारचा माणूस, घामानं डबडबलेला, स्वभावानं वाईट नव्हता. बोटीतून त्यानं पत्र्याचे डबे आणले होते आणि डब्यांत नवीन मासे. समुद्रापलीकडे जिला चिलापी म्हणतात तीच ही. "हे मासे डासांची अंडी खातात," तो सगळ्यांना सांगत होता, "आणि तळ्यातच वितात. ओहोटीला खडकावर जायचं नाही, पाच दिवस पाणी चाखत बसायचं नाही. फुकटचं अन्न." पण प्रवासात बहुतेक मासे मेले होते. उरलेले डब्याच्या तळाशी तोंड वर करून धापा टाकत होते. साहेबाचा चेहरा रडवेला झाला. त्यानं डबे गटाराकडे न्यायला सांगितले.

एइदुरानं त्याच्या हातातला डबा घेतला. आमच्यात दारात आलेलं पिल्लू मरू देत नाहीत, मग ते कुठल्याही माशाचं असो. तिनं डब्यात बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"ह्यांना तुम्ही गंजलेल्या पाण्यात ठेवलंत," ती म्हणाली.

चार दिवस ती कुंडीशी बसून होती. करवंटीनं वरून पाणी सोडत राहायची, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. अकरा मासे जगले. साहेब तर हरखून गेला. त्यानं तिचा हात हातात घेऊन हलवला, फोटो काढला. देनागोनं सगळ्यांसमोर तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माझ्या पोरीच्या हातात जीव आहे," तो म्हणाला. तो दिवस तिच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस होता. पुढं ती म्हणायची की तो आनंद आठवला की मला उलटी येते.

पुढचं काय सांगायचं! वर्षभरात चिलापी तळ्यात सगळीकडे पसरली. बांध तिला अडवत नव्हते. मादी पिल्लं तोंडात धरून हिंडते, त्यामुळे तिची पिल्लं मरत नाहीत. इबियाचं खाणं ती खायची, इबियाची पिल्लं सोडली की त्यांच्या तोंडचं काढून घ्यायची. तीन वर्षांची इबिया हाताएवढी व्हायची, ती आता बोटाएवढीच राहायला लागली. आणि ही फुकटची चिलापी खायला कुणाला आवडावी? चिखलाचा वास. डुकरांना घातली, डुकरंही पुढं पुढं नाक मुरडायला लागली.

तेव्हा फॉस्फेटचे पैसे घराघरात येत होते. आपली बेटभर जमीन खरवडून खत म्हणून परदेशी शेतांवर टाकली जात होती आणि त्या बदल्यात आम्हाला डबाबंद मांस, तांदूळ, मोटारी. बरीच घरं म्हणाली, जाऊ दे ती इबिया, दुकानात काय कमी आहे? एकेक करत बांध ढासळले. देनागो मात्र दर ओहोटीला खडकावर जात राहिला, अगदी मधुमेहानं डोळे अधू होईपर्यंत. मग डोळे गेले. मग बोटांत मुंग्या यायला लागल्या.

हेर्मिना पाणी भरायला आली की एइदुराला हटकून म्हणायची, "दुरा, तुझ्या लेकरांनी आज माझा बांध पोखरला गं." चिलापीला ती दुराची लेकरं म्हणायची. बुआडात तेच नाव रूढ झालं. देनागो हे ऐकायचा आणि खालच्या आवाजात म्हणायचा, "तिला मीच शाबासकी दिली होती. काय बोलायचं ते मला बोला." त्याला तो घाव फार लागला होता. तळं आपल्या घरातून नासलं, ह्या एका गोष्टीनं तो आतून खचत चालला होता आणि एइदुराला ते रोज दिसत होतं.

स्वातंत्र्य आलं, आमचं सरकार आलं, आणि एक दिवस ठरलं की तळ्यात औषध टाकायचं. कुठल्याशा मुळाची पूड, माशांचा श्वास कोंडते, माणसाला काही करत नाही. सगळं मारायचं, पाणी निवळू द्यायचं आणि मग पुन्हा इबिया सोडायची. पिंपंच्या पिंपं बोटीनं आली. सभेत हेर्मिनानं उठून विचारलं, "ह्या पुडीला किती पैसे पडले?"

आकडा सांगितला तेव्हा ती मटकन खाली बसली. "अरे देवा! एवढ्यात सगळ्या बुआडाला दहा वर्षं कुणीही उत्तम मासे आणून वाढले असते. आणि आणली तेव्हा चिलापी फुकट म्हणाले होते!"

लोक हसले, पण होकार सगळ्यांनी दिला. एक अट होती. प्रत्येक घरानं आपल्या वाट्यातली इबियाची छोटी पिल्लं आधीच काढून विहिरीत सांभाळावीत. औषधाचा जोर ओसरला की ठरलेल्या दिवशी सगळ्यांसमोर ती मोजून सोडायची. चिलापीचं एकही पिल्लू परत गेलं तर सगळं पाण्यात, असं साहेबांनी तीनतीनदा बजावलं.

आणि देनागो उठून उभा राहिला. आंधळा माणूस, काठी टेकत. "माझ्या घराची पिल्लं मी धरणार," तो म्हणाला. "नासलं माझ्या घरातून. दुरुस्त मीच करणार."

एइदुरानं त्याला अडवायला हवं होतं. पण कितीतरी वर्षांनी तो ताठ उभा होता. तिनं त्याला हाताला धरून तळ्यात नेलं. तो गुडघाभर पाण्यात उभा राहून झोळी हलवायचा, हाताला लागलेलं पिल्लू चाचपायचा. "चपटं लागलं की चिलापी, लांबट लागलं की आपली," असं पुटपुटायचा आणि करवंटीत टाकायचा. ती झोळी धरायची, आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. तो हसत होता. घरामागच्या विहिरीवर त्यानं चटई घातली आणि कुणाला उघडू देईना. "उजेड लागला की ती घाबरतात. मी आहे ना!" सकाळ-संध्याकाळ तोच जायचा, खोबऱ्याचा चुरा टाकायचा, त्यांच्याशी गप्पा मारायचा. एइदुरा घरातून ऐकायची. तिनं एकदाही चटई उचलून पाहिलं नाही. तिला वाटलं, बघितलं तर बाबांवर विश्वास नाही असं होईल.

औषध पडलं त्या दिवशी तळं पांढरं झालं, पोटं वर केलेल्या माशांनी. आठवडाभर वासानं बुआडात कुणी जेवलं नाही. मग पाणी निवळलं. इतकं रिकामं तळं आमच्यापैकी कुणीच बघितलं नव्हतं.

सोडण्याच्या दिवशी सगळी घरं काठावर जमली. रीत अशी की घरातल्या मोठ्यानं करवंटीनं पिल्लं सोडायची आणि दुसऱ्यानं मोठ्यानं मोजायचं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जातं. देनागो पाण्यात बसला होता, मांडीशी कुंडी, पहाटेच्या अंधारात विहिरीतून त्यानं स्वतःच भरलेली. एइदुरा त्याच्या शेजारी मोजायला. मागं हेर्मिना.

"नीट बघ गं बाई," हेर्मिना म्हणाली. "ह्या वेळी तरी तुमच्या घरातून नको."

काठावर हशा पिकला. देनागोची मान किंचित खाली गेली. मग त्यानं पहिली करवंटी भरली.

"पाच," एइदुरा म्हणाली. दुसरी करवंटी. "अकरा." तिसरी, चौथी. पिल्लं चकाकत निसटत होती. लांबट, चांदीची, आपली. लोकांचं हसणं थांबलं होतं. म्हाताऱ्यानं खरंच एवढी जगवली! कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सहावी करवंटी. "बत्तीस."

सातवी त्यानं वर उचलली आणि तिला दिसलं. सात होती. तीन आपली. चार बुटकी, पाठीवर काट्यांचा तुरा, अंगावर काळपट पट्टे. इवलीशी होती तेव्हा बोटाला कळली नसतील, आणि त्या बोटांना आता काहीच कळत नव्हतं. अंधारात खोबरं खाऊन ती वाढली होती.

नुसतं "बाबा, थांबा" म्हणायचं होतं. दोन शब्द. पण मागं हेर्मिना होती, साहेब होते, सगळं बुआडा होतं, आणि समोर बापाचा चेहरा. असा चेहरा तिनं साहेबाच्या फोटोच्या दिवसानंतर बघितला नव्हता. आत्ता बोलले तर हा माणूस इथंच, ह्या पाण्यात मरेल, असं तिला वाटलं. चार पिल्लं. आपल्याच बांधात पडतील. उद्या झोळी घेऊन येऊ आणि काढू.

देनागोनं कान दिला. "दुरा?"

"एकोणचाळीस," ती म्हणाली.

त्यानं करवंटी तिरकी केली.

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी झोळी घेऊन उतरायला लागली. विचारलं तर सांगायची, शेवाळ काढते. पहिल्या महिन्यात दोन सापडली. तिसरं पावसाळी दिवसांत सापडलं, चांगलं मोठं झालेलं, नर. चौथं काही केल्या हाताला लागेना. मग एका दुपारी बांधाच्या दगडापाशी धुरकट ढगासारखं काहीतरी हललं. तिची सावली पडली आणि तो ढग झर्रकन एका माशाच्या तोंडात शिरला. चौथं पिल्लू मादी निघालं होतं. एइदुरा पाण्यात तशीच उभी राहिली आणि मोठ्यानं रडली. काठावर कुणी नव्हतं म्हणून बरं.

दोन वर्षांत तळं पुन्हा होतं तसं झालं. साहेबांनी कागद तपासले आणि म्हणाले, आता पुन्हा एवढा खर्च करायला कुणी पैसे देणार नाही. कशासाठी द्यायचे, ते विचारत होते, ह्या माशाचा बाजारात भाव काय?

देनागोला तिनं कळू दिलं नाही. लोकांना बजावून ठेवलं, हेर्मिनाचे तर पाय धरले. आणि खरं सांगायचं तर हेर्मिनाही त्याच्यासमोर कधी बोलली नाही. "देनागोकाका, इबिया काय माजल्यात!" असं मुद्दाम खिडकीतून ओरडायची. तो खूश व्हायचा. त्याचा पाय कापला होता, तो तळ्याकडे जाऊ शकत नव्हता.

शेवटच्या आठवड्यात तो म्हणाला, "पोरी, आपल्या वाट्यातली एक इबिया भाजून आण. जाण्याआधी एकदा."

तिला काय करावं कळेना. ती बंदरावर गेली, होडीवाल्यांकडे. समुद्रातली मोठी इबिया मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं इबियासाठी पैसे मोजले, मान वर न करता. नारळाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजली, काटे काढले आणि पहिला घास बापाच्या तोंडात घातला.

त्यानं घास जिभेवर धरून ठेवला. चावला नाही. ज्या जिभेनं तिला पाणी चाखायला शिकवलं ती जीभ एइदुरा विसरलीच होती.

"ही समुद्राची आहे," तो म्हणाला.

"नाही बाबा. आपलीच आहे."

"दुरा." त्यानं मान तिच्याकडे वळवली. "तळ्यात काय आहे?"

ती पुढचा घास करत राहिली.

"सातव्या करवंटीला तू थांबली होतीस," देनागो म्हणाला. "मला वाटलं, खोकला आला असेल. तेव्हापासून मनाला हेच सांगत आलो."

"बाबा, खोकलाच होता."

त्यानं तिचा हात शोधला आणि धरला. मग घास गिळला. "छान झालीय," म्हणाला, आणि तिनं दिलेले आणखी दोन घास खाल्ले. चौथ्या दिवशी तो गेला. त्याच्या मयताच्या जेवणाला पानात डबाबंद मांस होतं.

ह्याला कितीतरी वर्षं झाली. गेल्या साली क्लेओना आली, हेर्मिनाचीच नात, परदेशात शिकून आलेली. बाहेरून आलेल्या माशांमुळे, झाडांमुळे बेटाचं किती नुकसान झालं ते पैशात काढायचं काम तिच्याकडं होतं. पोरगी गुणी आहे. एइदुराच्या पायरीवर बसली, मांडीवर कागद.

"आजी, इबिया गेल्यानं तुमच्या घराचं वर्षाला किती नुकसान झालं असेल?"

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे किती विकायचात तुम्ही?"

"विकायचो?" एइदुरा एवढ्या जोरात हसली की तिला ठसका लागला. "तुझ्या आजीनं ऐकलं असतं तर कागद फाडला असता तुझा!"

"मग इथं शून्य येतं, आजी," क्लेओना ओशाळून म्हणाली. "विकलं नाही तर हा रकाना शून्यच भरायचा असतो."

"शून्य तर शून्य. भर."

क्लेओनानं भरलं. तिलाच वाईट वाटलं असावं, कारण पुढचा प्रश्न तिनं हळू विचारला. "औषधानंतर चिलापी परत कशी आली, हे कुणी सांगत नाही. जुन्या कागदांत लिहिलंय की बऱ्याच विहिरींत उरली असणार. तसंच लिहू ना?"

आता बघा, हे खरंही असेल. एवढी घरं, एवढ्या विहिरी, एकट्या देनागोच्याच हातून कशी सुटेल? एइदुराला मान हलवून मोकळं होता आलं असतं. तिनं तळ्याकडे पाहिलं. बापाचा बांध अजून उभा आहे, ती दरवर्षी त्याचे दगड बसवते, आत काही नसलं तरी.

"आमच्या विहिरीतून आली," ती म्हणाली. "चार होती. सातव्या करवंटीत."

क्लेओनाचा हात थांबला. "देनागोआजोबांनी सोडली ना ती पिल्लं? आजी सांगायची, ते तर आंधळे होते. त्यांचं नाव कशाला..."

"त्यांचं नको. माझं लिही," एइदुरा म्हणाली. "त्यांना दिसत नव्हतं. मला दिसत होतं."